सौ.च्या पायातलं पाणी

१ जून २००४, मंगळवार

काल निवृत्त झालो. पाटबंधारे खातं, कालवा निरीक्षक, तेहतीस वर्षं. शाल, श्रीफळ, मनगटी घड्याळ. साहेब भाषणात म्हणाले, कुंडलिकराव गेल्यावर येडगावच्या कालव्याचं काय होणार हा प्रश्नच आहे. आज सकाळी सहज तिकडे चक्कर मारली. कालवा चालू होता.

ही डायरी एका ठेकेदाराने जानेवारीत दिलेली. पाच महिने कोरे गेले. हरकत नाही. संकल्प : पहाटे पाचला उठणे. रोज नोंद. आणि घराकडे लक्ष देणे, जे नोकरीमुळे राहून गेलं. सौ.ला सांगितलं, आता मी पूर्ण वेळ घरीच. ती म्हणाली, "पुरा येळ?" फार आनंद झालेला दिसला.

३ जून

पाचला उठलो नाही, पण जागा होतो. पडून नियोजन केलं.

घराची पाहणी पूर्ण. स्वयंपाकघरातले डबे कशाच्याही क्रमाने नव्हते. चिठ्ठ्या चिकटवून अकारविल्हे लावले. दुपारी सौ. बराच वेळ हळद शोधत होती. सांगितलं, 'ह' शेवटी येतो. ती म्हणाली, "मला वाचाया येतंय व्हय?" हा मुद्दा लक्षात आला नव्हता. पण पद्धत ती पद्धत.

५ जून, शनिवार

सौ. शेळ्यांना पाला टाकून आली नि उंबऱ्यावर बसली, तेव्हा पाहिलं. दोन्ही घोटे सुजलेले. बोटाने दाबलं तर खड्डा पडतो नि तसाच राहतो. कधीपासून, विचारलं. "शिमग्यापासनं." मला सांगितलं का नाही? "तुमी कालव्यावर व्हता."

कालवा घरापासून सव्वा किलोमीटर.

असो. पाणी साचलंय हे उघड आहे. आयुष्यभर मी पाणीच पाहिलं. कुठं मुरतं, कुठं तुंबतं, कसं काढायचं. ही केस योग्य माणसाच्या हाती आली आहे.

७ जून, सोमवार

नारायणगाव. डॉ. चेतना मुथा. मुथांचं कापडाचं दुकान त्यांच्या आज्याच्या काळापासून. ही त्यांची सून. घराणं राजस्थानचं, बोलणं आपल्यासारखंच. सौ.चं प्रेशर १७० वर १००. रक्त, लघवी तपासली. म्हणाल्या, किडनी वयामानाने थोडी मंद आहे, जपायला हवं. गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक. सौ.ने विचारलं, "येकच?" डॉक्टर म्हणाल्या, "एकच मावशी, पण तिच्यात दोन औषधं आहेत. पहिलं अंगातलं जादा पाणी नि मीठ लघवीवाटे बाहेर काढतं. त्याबरोबर पोटॅशियम नावाचा क्षारही वाहून जातो, म्हणून दुसरं औषध..."

इथपर्यंत ऐकलं. मुद्दा कळला होता. पाणी सोडलं की गाळही जातो, हे मला कुणी शिकवायला नको. पुढचं त्या सौ.ला सांगत होत्या तेव्हा मी दिवसाची तीन लिटर आवक धरून क्युसेक काढत होतो. फारच कमी येतात.

मीठ कमी करा. पंधरा दिवसांनी रक्त परत तपासा, हे दोनदा म्हणाल्या. निघताना मला म्हणाल्या, काका, तुमचंही प्रेशर बघू का? मी म्हटलं, मी पेशंट नाही, मी व्यवस्थापन. हसल्या. चांगली बाई आहे.

८ जून

गोळी ८.१५ ला. भिंतीवर तक्ता लावला. डावीकडे आवक, उजवीकडे जावक. आवक मी स्वतः तांब्याने मोजून देतो. जावक सौ.ने येऊन सांगायची असं ठरलं (मी ठरवलं). दुपारपर्यंत सहा वेळा जाऊन आली, एकदाही रिपोर्ट नाही. विचारलं, किती? "मोजाया बसले व्हते का मी?"

शेवटी ओसरीवर खुर्ची टाकली. तिथून संडासाचं दार दिसतं. रस्ताही दिसतो, त्यामुळे कंटाळा येत नाही. शेजारच्या कुशाबाईने कुंपणावरून विचारलं, "भावजी, कुनाची वाट बगताय?" उत्तर दिलं नाही. बाबी गोपनीय आहेत.

१२ जून, शनिवार

घोट्याचा घेर सत्तावीसवरून चोवीस सें.मी.! पाच दिवसांत! व्यवस्थापनाचं यश. गोळीचाही थोडा वाटा असेल.

सौ. म्हणाली, लई हलकं वाटतंय, जरा कुशाबाईसंगं मळ्यात जाऊन येते. परवानगी दिली नाही. सूज उतरताना हिंडणं म्हणजे कालव्याचं आवर्तन चालू असताना चारीची दारं उघडी टाकणं. उपमा तिला कळली नसावी. बसली.

१४ जून, सोमवार

पिंपरी पेंढारला लग्न. जीपमध्ये चौदा माणसं. गोळी ८.१५ ला दिलेलीच होती, शिस्त म्हणजे शिस्त. आळेफाट्याच्या अलीकडे सौ.ने जीप थांबवायला लावली. पलीकडे पुन्हा. सगळ्यांच्या देखत. उसाच्या आडोशाला जाताना तिने पदर पार तोंडावर ओढला होता. मी दरम्यान जीपमधल्या मंडळींना औषधाची क्रिया समजावून सांगितली, म्हणजे गैरसमज नको. दोघांनी प्रश्नही विचारले.

परत येताना ती माझ्याशी बोलली नाही. दमली असावी.

निर्णय : सौ.चा प्रवास बंद.

२० जून, रविवार

पाचला उठायचं आता जुलैपासून.

पेपरच्या पुरवणीत महत्त्वाचा लेख. पाण्याच्या गोळ्यांनी अंगातलं पोटॅशियम कमी होतं, अशक्तपणा येतो, पायात गोळे येतात. उपाय : केळी, नारळपाणी, टोमॅटो. म्हणजे माझा गाळाचा अंदाज बरोबर होता. पाणी काढा नि पोटॅशियम भरा! डॉक्टरांचं हे सांगायचं राहून गेलं. त्यांच्याकडे गर्दी असते.

लेखाच्या खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. चष्मा आत होता.

२२ जून

आजपासून : केळी चार. नारळपाणी दोन वेळा. टोमॅटोचं सार, जेवताना वाटीभर. टोमॅटो कुशाबाईच्या मळ्यातला, क्रेटभर ओसरीवर आणून दिला. सौ. दोन केळ्यांवर थांबली. उभा राहून तिसरं खायला लावलं, चौथं बसून.

रक्त तपासायची आज तारीख होती. गेलो नाही. घेर बावीस आहे, तक्ता बोलतोय. कालव्याचं पाणी आम्ही कुठं दर पंधरवड्याला लॅबला पाठवत होतो? आणि सौ.चा प्रवास बंदच आहे.

२५ जून, शुक्रवार

नवा शोध. मेडिकलमध्ये खास मीठ मिळतं. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. म्हणजे मीठ कमी नि क्षार भरपूर, एका पुड्यात दोन कामं! दुकान डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याचं, प्रितमशेठचं. त्याने पुडा हातात धरूनच ठेवला. विचारलं, "काका, कुणासाठी? पाण्याची गोळी चालू असेल तर हे विचारल्याशिवाय द्यायचं नसतं." उगाच चौकशा. म्हटलं, माझ्यासाठीच. मला कुठं कसली गोळी आहे? दिलं.

हे खोटं नाही. पुडा घरासाठी आहे आणि घरात मीही येतो.

घरातलं साधं मीठ बंद. चव जरा कडसर लागते. माझ्यापुरतं साधं मीठ 'ज्ञ'च्या रिकाम्या डब्यामागे ठेवलं आहे, कारण देखरेख करणाऱ्याला ताकद लागते. खर्डा-भाकरी छान लागली.

१ जुलै, गुरुवार

पाचला उठणे हा संकल्प रद्द. वयाला योग्य नाही.

निवृत्तीला महिना झाला. आढावा : घर शिस्तीत. सौ. फार समाधानी. पूर्वी दिवसभर काही ना काही बडबडायची, आता शांत असते. सांगेन तिथे बसते. दुपारी बराच वेळ दाराच्या चौकटीला डोकं टेकून रस्ता बघत होती. मीही बघत होतो. असं दोघांनी बसणं नोकरीत कधी जमलं नाही.

६ जुलै

लोणीहून सौ.च्या भावाचा, सोपानचा फोन. नातीचं बारसं, ताईला धाडा, दोन दिस ऱ्हाऊ द्या. नाही म्हटलं. तब्येतीची कारणं दिली. सौ. शेजारीच उभी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मला इचारलं न्हाई." म्हटलं, विचारायचं काय, तू जायचंच म्हणाली असतीस.

तिने केळी शेळीला घातली. मी पाहिलं. चार नवी दिली.

११ जुलै, रविवार

सौ. म्हणते, हातापायाला मुंग्या येतात. पायात जीव न्हाई. पुरवणी काढून पाहिली : अशक्तपणा! पोटॅशियम कमी पडतंय. केळी सहा केली. नारळपाणी तीनदा.

१५ जुलै

अन्नावरची वासना गेलीय म्हणते. मळमळतं. सार नको, केळं नको. तरी दिलं. खाऊन घेते, कारण मी समोरून हलत नाही. कुशाबाई कुंपणाशी येऊन म्हणाली, "भावजी, बाईचं त्वांड बगा जरा. पांढरंफटक पडलंय. डाक्टरकडं न्या." कुशाबाईचं शिक्षण नाही. तिला तक्ता दाखवला. तिने तक्ता पाहिला नाही, सौ.कडेच पाहत राहिली.

सौ.ची फिरस्ती बंद केल्यापासून या कुशाबाईचं येणं वाढलंय. सांगितलं, पेशंटला आराम हवा, रोज येऊ नका.

१९ जुलै, सोमवार

घेर एकवीस. सूज नाही. तक्त्याप्रमाणे सौ. पूर्ण बरी आहे. पण न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जाते. म्हणाली, "मला आईकडं न्या." तिची आई जाऊन अकरा वर्षं झाली. म्हटलं, साळू, आई कुठं आहे आता? म्हणाली, "मंग कुटं बी न्या. पर हितनं न्या."

झोप नीट लागली नसेल. उद्यापासून केळी सात.

२२ जुलै, गुरुवार. नारायणगाव, दवाखाना

सकाळी शेळ्यांच्या गोठ्यापाशी पडली. मी खुर्चीवरच होतो, पण संडासाच्या दाराकडे पाहत होतो. उचलायला गेलो. अंग नुसतं सैल. डोळे उघडे होते, पण पाय हलेनात. नाडी पाहिली. मिनिटाला चौतीस. घड्याळ बंद पडलं असेल म्हणून कानाला लावलं. चालू होतं.

ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. कुशाबाई कुंपणावरून आली, दारातून नाही. तिच्या टोमॅटोच्या पिकअपमधले अर्धे क्रेट तिनेच रस्त्यावर ओतले, गोधडी टाकली नि सौ.ला झोपवलं. मी मागे बसलो. कुशाबाईने सौ.चं डोकं मांडीवर घेतलं होतं. मला धरायला काही राहिलं नव्हतं म्हणून मी क्रेट धरला.

डॉ. चेतनांनी हृदयाची पट्टी काढली नि पट्टीकडे पाहून माझ्याकडे पाहिलंच नाही. नर्सला भराभर सांगत गेल्या. शिरेतून कॅल्शियम. मग इन्सुलिन नि ग्लुकोज. मला बाहेर काढलं. पुन्हा आत बोलावलं. "काका, रक्त तपासलं होतं का? मावशी काय खात होत्या?" मी म्हटलं, सगळं शिस्तीत, सगळी नोंद आहे. पिकअपमध्ये चढताना ही डायरी कशी कोण जाणे हातात आली होती. दिली.

त्यांनी उभ्यानेच वाचली. पानं उलटत गेल्या. एका ठिकाणी थांबल्या. "सात केळी. आणि हे मीठ? पंचवीस जूनपासून? रोज?"

रोज.

"त्या दिवशी मी सांगत होते. एक औषध पोटॅशियम बाहेर जाऊ देतं, म्हणून त्याच गोळीत दुसरं औषध आहे, ते पोटॅशियम धरून ठेवतं. जाऊ देत नाही. किडनी मंद. त्यावर तुम्ही बाहेरून भरत राहिलात. हृदय थांबायला आलं होतं."

म्हणजे खालचं गेट बंद होतं. मी वरून सोडत होतो.

हे मी मोठ्याने म्हणालो बहुतेक. डॉक्टर म्हणाल्या, काका, बाहेर बसा.

२३ जुलै

दवाखान्याच्या व्हरांड्यातच. भोसरीहून मुलगा सूरज आला, सून आरती आली. सूरजने सगळं ऐकून घेतलं नि एवढंच म्हणाला, "आप्पा, तुम्ही प्रितमशेठला खोटं का सांगितलं?" समजावून सांगायला सुरुवात केली. तो चहा आणायला निघून गेला. दोनच मुद्दे झाले होते.

सौ. शुद्धीवर आहे. नाडी अठ्ठावन्न. सायंकाळी पाय हलवला. मी दारातून पाहिलं. आत जाताना नर्सने विचारलं, काही खायला आणलंय का? पिशव्या तपासल्या. फक्त माझ्याच.

२४ जुलै, शनिवार

डॉ. चेतनांनी मला बसवून दंडाला पट्टा बांधला. या वेळी विचारलं नाही. १८६ वर १०८. म्हटलं, कालचं टेन्शन आहे. त्या म्हणाल्या, टेन्शन कालचं, डोळ्यांखालची सूज कालची नाही. मलाही पाण्याची गोळी. दुसरी आहे. पंधरा दिवसांनी रक्त. "आणि मला विचारल्याशिवाय पुरवणीतलं काहीही खायचं नाही."

यावर सविस्तर लिहीन. आत्ता जावं लागतंय.

२६ जुलै, सोमवार

ही नोंद नीट करतो.

डायरी डॉक्टरांनी परवा पुन्हा मागून नेली, त्यांच्याकडून सूरजकडे गेली, सूरजने सौ.च्या खाटेशेजारी ठेवली. दुपारी मी चौथ्यांदा जाऊन परत येत होतो, तर वॉर्डातून आरतीचा वाचण्याचा आवाज आला. सौ.नेच सांगितलं होतं म्हणे, रोज काय लिवत्यात ते मला ऐकू दे. मी दाराबाहेर थांबलो. आत जाता येईना, निघून जाता येईना.

डब्यांच्या चिठ्ठ्यांना सौ. हसली. क्युसेकला हसली नाही, तिला कळलं नसेल. शेळीला घातलेली केळी मी पाहिली होती हे ऐकून म्हणाली, "बगत व्हतं व्हय." पिंपरी पेंढारची जीप आली तेव्हा आरती मध्येच थांबली. सौ. म्हणाली, वाच. मी मंडळींना समजावून सांगितलं ते आरतीने हळू आवाजात वाचलं.

मग एक जुलै. "सौ. फार समाधानी."

सौ. म्हणाली, "परत वाच."

आरतीने परत वाचलं.

सौ. म्हणाली, "ही कुनाबद्दल लिवलंय?"

मी व्हरांड्याच्या टोकाला गेलो. तिथे दुसऱ्या कुणाचे तरी नातेवाईक डबा खात होते. बसा म्हणाले. बसलो.

२८ जुलै, बुधवार

डिस्चार्ज. सौ.ला नवी गोळी, साधी. सूरजने जीप आणली होती. मी पुढे बसलो, सौ. बसायच्या आधी म्हणाली, "मी लोणीला जानार." सूरजला माहीत होतं. आरतीला माहीत होतं. डॉक्टरांनाही माहीत होतं, कारण मंचरला रक्त कुठं तपासायचं ते त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. म्हटलं, किती दिवस? म्हणाली, "बगू."

चांगली कल्पना आहे. हवापालट हवाच. मी सुचवणारच होतो. आठ दिवसांत येईल.

४ ऑगस्ट

आठ दिवस झाले. फोन केला. सोपान म्हणाला, ताई मळ्यात गेलीया. मळ्यात! पायी? पायी.

घर नीट आहे. तक्ता काढला, भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. त्यावर काही लावावं का, विचार चालू.

भात करून पाहिला.

९ ऑगस्ट

गोळी सकाळी आठला. त्यानंतर दुपारपर्यंत कुठं जाता येत नाही. धरणावर जायला निघालो नि दोनदा वाटेतून परत आलो. ओसरीवर बसून राहतो. रस्ता दिसतो. त्या रस्त्यावर दिवसभरात अकरा माणसं जातात. कुशाबाई रोज संध्याकाळी भाजी ठेवून जाते, उंबऱ्यावर, आत येत नाही. रोज येऊ नका असं मीच म्हटलं होतं. आता आत बोलवावं तर काय म्हणून बोलवावं, ते सुचत नाही.

सौ. फोनवर आली. दोन मिनिटं. प्रेशर १३० वर ८४. रक्त तपासायला ती एकटी एसटीने मंचरला जाऊन आली. रिपोर्ट चांगला. म्हटलं, मग आता ये. म्हणाली, "कांदं निवडायचं काम चालू हाय." सोपानचा कांदा. तिच्यावाचून निवडता येत नाही की काय.

१५ ऑगस्ट, रविवार

झेंडावंदनाला गेलो. अर्ध्यातून निघावं लागलं. राष्ट्रगीत चालू व्हायच्या आत पोचलो परत, पण श्वास लागला होता. सरपंच म्हणाले, वैनी कुठं? म्हटलं, माहेरी, चार दिवस. हसून म्हणाले, तुमी रिटायर झाल्यावर वैनींनी बी सुट्टी घेतली का? सगळे हसले. मीही हसलो.

संकल्प : जाऊन तिला घेऊन यायचं. समोर गेलो की नाही म्हणायची नाही. छत्तीस वर्षांत एकदाही म्हटलेली नाही.

२२ ऑगस्ट, रविवार. रात्री साडेआठ

लोणीला जाऊन आलो.

गोळी आज घ्यावीशी वाटत नव्हती, पण डॉ. चेतनांनी बजावलंय, चुकवायची नाही. घेतली. नारायणगावहून मंचरची एसटी. कळंबच्या आसपास कंडक्टरला सांगावं लागलं. तो म्हणाला, "काका, ही घरची गाडी हाय का?" पुढच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, थांबव की रं. गाडी थांबली. उतरलो. आडोशाला एक बाभूळ होती, तीही बारीक. डाव्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांत माणसं. उसात जाणाऱ्या सौ.ची आठवण झाली. मला ओढायला पदरही नव्हता.

बसमध्ये परत आल्यावर कुणीतरी शेजारच्याला सांगत होतं, शुगर असंल. मी दुरुस्ती केली नाही.

सोपानच्या अंगणात बायका कांदे निवडत होत्या. कुणीतरी मोठ्याने हसत होतं. मला वाटलं, सोपानची बायको. ती सौ. होती. उकिडवी बसली होती, पाय बारीक, जोडवी सैल झालेली. मला पाहून हसणं लगेच थांबलं नाही, आपल्या वेळेने थांबलं. उठली, भिंत न धरता. पाणी आणलं. "निगाला कवा? जेवला का न्हाई?" भाकरी वाढली. सगळं विचारलं. गोळी घेता का, रक्त तपासलं का. तपासलं नव्हतं. म्हणाली, "तपासा." एवढंच म्हणाली. पुढच्या बोलण्याची मीच वाट बघत होतो.

जेवण झाल्यावर म्हटलं, चल आता. शेळ्या तुझी वाट बघतात. म्हणाली, "शेळ्या कुशाबाईकडं हायेत. मीच ठिवाया सांगितल्यात." हे मला माहीत नव्हतं. गोठा रिकामा आहे हे मला दिसलं कसं नाही? मी रोज ओसरीवर बसतो.

म्हटलं, माझं चुकलं. हे बोलायचं म्हणून एसटीत पाठ करून आलो होतो, पुढे आणखी तीन वाक्यं होती, पण पहिल्यालाच ती म्हणाली, "व्हय." त्यामुळे उरलेली बोलता आली नाहीत.

कधी येशील?

ती कांद्याची सालं झटकत होती. म्हणाली, "गनपतीला येईन. चार दिस. मंग बगू."

सोपान मळ्यातून आला. मला पाहून खूश झाला. म्हणाला, "पावनं, आलाय तसं ऱ्हावा दोन दिस." मी तोंड उघडलं, तोवर सौ.च म्हणाली, "न्हाई, त्यास्नी पाचची गाडी हाय."

पाचची गाडी साडेपाचला आली. खिडकीशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेतली. तिच्यात दोन लेंगे, टॉवेल, दाढीचं सामान नि चार दिवसांच्या गोळ्या होत्या. लोणीत ती मी खाटेखाली सरकवून ठेवली होती. कुणाला उघडून दाखवली नाही.